दोन जावा आणि रिकाम्या टेपा

थांब, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. तुला माहितीये ना, माझी धाकटी जाऊ आमच्याच हॉस्पिटलात, आमच्याच कॉम्प्युटर रूममध्ये लागलीये? मीच शब्द टाकलेला गं, हौसेनं! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. सगळे हसतात, "मशीन एक आणि त्यावर जावा दोन!" हसा. घरी सासूबाईंचं सुरू, 'धाकटीचा हात लागला की काम झालंच समज.' ऑफिसात सरांचं तेच. आणि काल सर रूमची इन्चार्ज ठरवणार होते. मी नाहीतर ती.

तर सकाळी डॉक्टरीणबाईंना एका पेशंटचे जुने स्कॅन हवे होते, ऑपरेशनच्या आधी. जुनं सगळं टेपांवर असतं, जाडजूड कॅसेटच म्हण. धाकटीनं नव्या मशीनमध्ये एक लावली. मशीन म्हणतंय, रिकामी. दुसरी? रिकामी. सगळ्याच रिकाम्या!

सर असले तापले! "पुसल्यास की काय सगळ्या?"

"नाही सर."

"मग काय उंदरांनी खाल्ल्या?"

ती खाली मान घालून उभी. आणि माझ्या मनात नुसत्या उकळ्या फुटतायत! खोटं कशाला बोलू? मी तर मजेत चहा प्यायला गेले. परत आले तर ही बाई तोंड धुवायला गेलेली.

म्हटलं बघू तरी. एक टेप लावली, जरा खटपट केली, आणि डोक्यात प्रकाश पडला. अगं, टेप भरलेलीच होती! जुन्या मशीननं माहितीचे मोठेमोठे घास भरवलेले आणि नवं मशीन लहान घासांना लावलेलं. पहिलाच घास तोंडात मावेना, म्हणून पठ्ठ्या म्हणतोय ताट रिकामं! सेटिंग बदललं, धडाधड स्कॅन दिसायला लागले.

सांगितलं का मी सरांना? छे! म्हटलं, खाऊ दे अजून थोडी बोलणी. 

पण मग आठवलं, मशीननं सकाळीच बाकीच्या टेपा रिकाम्या म्हणून नोंदवल्यात, म्हणजे दुपारचं बॅकअप, रोजची नक्कल गं, त्यांच्यावरच लिहिणार. सगळं खरंच पुसलं जाणार! माझं भांडण जावेशी, त्या पेशंटनं काय घोडं मारलंय? टेपेच्या कोपऱ्यात लाल खिटी असते, ती सरकवली की टेप नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. धावत गेले खिट्या सरकवायला.

तर सगळ्या आधीच सरकवलेल्या!

रिकाम्या घराला कोणी कुलूप लावतं का गं? मागे वळले, तर ही दारात. चेहरा ओला.

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही चहाला गेलात ना ताई, तेव्हाच कळलं."

"मग सरांना सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं तुम्हाला सापडेलच. तुम्हीच सांगा. घरी सगळं कौतुक माझ्याच वाट्याला येतं, दिसतं की मला."

कीव! माझी कीव करते ही! वरून गोड हसून! भांडली असती तर परवडलं असतं. माझा नुसता जळून कोळसा झाला. तेवढ्यात सर आले, स्क्रीनवर स्कॅन बघून उडालेच.

"अरे वा! कोणी शोधलं?"

धाकटी माझ्याकडे बघतेय. मी म्हटलं, "मी."

खोटं होतं का? मीही शोधलंच होतं ना! झाले इन्चार्ज. संध्याकाळी धाकटीनंच घरी रंगवून सांगितलं. सासूबाई चक्क म्हणाल्या, "थोरलीनं नाव काढलं हो!" इतकी वर्षं या वाक्यासाठी मी जीव टाकत होते, आणि काल जेवताना पहिलाच घास घशाखाली उतरेना.

आता तू बोल. तुझ्या जावेनं असं केलं असतं, तर तू काय केलं असतंस?