झुलत्या खुर्चीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी झुलती खुर्ची. मिनेसोटाच्या उत्तरेला तळ्याकाठच्या एका गावात मुलांच्या मनाच्या दुखण्यांवर उपचार करणारं केंद्र आहे. माझी हयात तिथेच गेली. टोलेफ सुताराने मला बर्चच्या लाकडातून घडवलं आणि केंद्राला देऊन टाकलं. तेव्हा माझी जागा आतल्या खोलीत होती. दार वाजवेल ते पोर आत येई, माझ्यावर झुलत रडे, बोले, हलकं होऊन जाई. "या खुर्चीत जादू आहे गं," असं मुलांच्या आया एकमेकींना सांगायच्या. मलाही ते खरं वाटायचं.

मग नियम आला. आधी प्रश्न, मग उत्तरांना गुण; दुखणं जितकं मोठं, तितके गुण जास्त. गुण कमी पडले की मूल उपचाराला अपात्र! मला उचलून बाहेर प्रश्नांच्या टेबलापाशी ठेवलं.

नोव्हेंबरात ऑरिन हालव्होर्सन आपल्या चौदा वर्षांच्या ब्रिटाला घेऊन आला. पोरगी शाळा सोडून अंथरुणात पडून असायची. जीव की प्राण असलेले बर्फावर घसरायचे स्केट्स तिने शेजारणीला देऊन टाकले होते. टेबलामागच्या मार्सीबाईंनी प्रश्न सुरू केले.

"झोप लागते का हिला?"

"लागते तशी."

"आणि जेवण?"

"चाललंय. तसं वाईट नाही."

आमच्याकडची रीतच ही. बर्फाने छप्पर खाली आलं तरी माणूस म्हणणार, याहून वाईट झालं असतं. कुरकुर करायची म्हणजे लाज. मार्सीबाई त्याच गावच्या, त्यांना सगळं कळत होतं.

"ऑरिन, आज तरी तो भिडस्तपणा गुंडाळून ठेवा हो! असंच बोलत राहिलात तर मला हिला आत घेता यायचं नाही."

ऑरिनने हातातली टोपी चुरगाळली. "दुसऱ्यांची पोरं जास्त आजारी असतील, मार्सी. त्यांची जागा आम्ही कशाला अडवायची?"

"मी ठीक आहे, डॅड. चल ना घरी," ब्रिटा म्हणाली. तिची नखं माझ्या हातांत रुतली होती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

गुण कमी पडले. "बिघडली तर परत आणा," मार्सीबाई खाली बघत म्हणाल्या.

मार्चमध्ये ती बिघडली. आता गुण भरपूर भरले. इतके भरले, की एवढ्या आजारी मुलांना इथे घेतच नाहीत. चार तासांवरच्या शहरातल्या रुग्णालयात जागा होईपर्यंत थांबा, असं उत्तर मिळालं.

"तेव्हा कमी होती, आता जास्त झाली!" ऑरिनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मग आणायची कधी होती, बाई?"

मार्सीबाईंनी ब्रिटाचं नाव शहराच्या यादीसाठी लिहून घेतलं. ब्रिटा अजून घरी वाट बघते आहे, आणि आतली खोली दुपारभर रिकामी असते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. ती घेतली जाते. परवा माझा एक पाय नुसता करकरला, तर लगेच सुताराला बोलावणं गेलं. "अजून मोडू दे, मग बघू," असं मला कुणी म्हणालं नाही.