सरावाचा हात

"अगं, पट्टा आवळतेस की सूड उगवतेस?"

"आई, बोलू नका. बोललात की चित्र हलतं."

सासूबाईंना गप्प राहवेना. आज त्या तपासणीसाठी चहाचा घोटही न घेता, हट्टाने सुनेबरोबर रुग्णालयात आल्या होत्या. पडदे ओढलेल्या खोलीत पलंगावर त्या उताण्या पडलेल्या आणि सून त्यांच्या हाताशी स्टुलावर. तिचं रोजचं काम हेच. कोपराखाली पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग एकदम सोडायचं आणि दंडातली रक्तवाहिनी किती रुंदावते ते यंत्रावरच्या चित्रात मोजायचं. निरोगी वाहिनी धावत आलेल्या रक्ताला वाट करून देते. आतून बिघडलेली ढिम्म राहते.

"यात कळतं ना, माझ्यात खोट आहे का ते?"

"डॉक्टर सांगतील."

"डॉक्टर परका. तू घरातली. माझा बाप असाच चालताबोलता गेला. लेकही तसाच गेला. खाण तशी माती, दुसरं काय! मीच दिलं असणार त्याला हे दुखणं."

मुलगा गेल्यापासून त्यांनी हेच धरून ठेवलं होतं. घास तोंडाशी नेत आणि तसाच खाली ठेवत. म्हणत, "त्याला खाऊन बसले, आता आणखी काय खाऊ?" सुनेने समजूत घालून पाहिली, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

वेळ झाली तशी सुनेने पट्ट्यातली हवा सोडली. रक्त उसळून आलं आणि बघता बघता वाहिनी रुंदावली. वयाच्या मानाने फारच चांगली. तिने पुन्हा मोजून पाहिलं. चूक नव्हती.

"बोल की गं."

"तुमच्यात खोट नाही, आई. तुमची रक्तवाहिनी छान आहे."

म्हातारीचा श्वास मोकळा झाला. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात उतरलं. पण पुढचा प्रश्न येणार हे सुनेला ठाऊक होतं, आणि तो आलाच.

"मग त्याची कशी होती? तू बघायचीस ना त्याचा हात?"

बघायची. ती हे काम शिकत होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी नवरा याच पलंगावर येऊन पडायचा. फरशा बसवणारा माणूस, हात दगडासारखा. "आठवडाभर आईच्या मुठीत, सुट्टीला बायकोच्या," म्हणून स्वतःच हसायचा. शिकवणाऱ्या बाई इतरांच्या हातावर करून दाखवत तेव्हा वाहिनी झकास रुंदावे. हिच्या हाताखाली नवऱ्याची हलायची नाही. हिला वाटे, आपलाच हात घसरतोय. शिकाऊ हात तो! केसाएवढा सरकला तरी माप चुकतं. ती चित्र पुसायची, पुन्हा पट्टा आवळायची. तो कधी कुरकुरला नाही. मग एका दुपारी, अर्ध्या बसवलेल्या फरशीवर, तो ओल्या सिमेंटात कोसळला.

पुढे तिचा हात बसला. आणि एके दिवशी एका अनोळखी रुग्णाच्या दंडात तिला तेच ढिम्म चित्र दिसलं. या वेळी तिचा हात तर जराही हलला नव्हता. त्या दिवशी ती घरी आली आणि न जेवता झोपली. सासूबाईंना सांगितलं, डोकं दुखतंय.

आता "त्याचीही छानच होती" म्हटलं की सुटली असती. या जगात तिला हे एकच माणूस उरलं होतं. पण मग तो गेला कशाने, म्हणत म्हातारीने पुन्हा स्वतःलाच दोष दिला असता.

"नव्हती चांगली," ती म्हणाली. "दर वेळी दिसत होतं. मला वाटलं, माझंच चुकतंय. मी कुणाला दाखवलं नाही, आई. माझी लाज झाकत बसले."

सुनेने मान खाली घातली. आता जे येईल ते झेलायचं.

"जिन्यात बसायचा तो," म्हातारी हळूच म्हणाली. "वर येताना. छातीवर हात दाबून."

"कधी?"

"तू शिकत होतीस तेव्हाच. मला म्हणाला, तिला सांगू नकोस, परीक्षा आहे तिची, घाबरेल. मी नाही सांगितलं." त्यांचा आवाज फुटला. "एका घरात होतो गं आपण. अर्धं तुझ्यापाशी, अर्धं माझ्यापाशी. बोललो असतो तर?"

पट्टा काढायला सुनेने हात पुढे केला, तो सासूबाईंनी धरला आणि धरूनच ठेवला.

दारावर टकटक झाली. बाहेरून परिचारिकेचा आवाज आला, "ताई, पुढचा पेशंट पाठवू का?"

पलंगावरून म्हातारीच खणखणीत आवाजात म्हणाली,

"नका पाठवू. आमचं व्हायचंय अजून."

तपासणीसाठी दंडावर चोपडलेला चिकट द्रव हळूहळू वाळत गेला. तो पुसायचं दोघींनाही सुचलं नाही.