मागं बसलेली माणसं

"आधी टाका मार. नुस्ता टाका. पाईप गाडीवर चढवून बघ, उतरव, परत चढव. जागेवर बसला म्हंजी मग पुरता वेल्ड मार. लोखंड एकदा जुळलं का बाबा, मग आपलं ऐकत न्हाई."

भिंगारच्या दानीएल मिस्त्रीचं हे सांगणं. मिस्त्री देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आमच्या बिभीषणाच्या कानात ते अजून बोलायचे. आणि त्या दिवसांत तर बिभीषण त्यांचं बोलणं मोठ्यानं म्हणायचा, अंगणात एकटाच. कुडाच्या अलीकडे मी होते, पण उठल्यापासून दुपारची पूजा होईस्तोवर मी बोलत नाही, हा माझा जुना नेम. काकी ऐकते पण बोलत नाही, हे त्याला ठाऊक. म्हणूनच कदाचित त्याला बोलायला बरं वाटत असावं.

बिभीषण माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. दीर-जाऊ दोघंही गेले, माझंही माणूस गेलं. तेव्हा त्याला मी आणि मला तो. आमचं गाव पाथर्डीकडच्या डोंगराला चिकटलेलं. रान सगळं मुरमाड. नांगर घातला की दगडच वर येतात. दिवाळीचा फराळ सरत नाही तोवर दारोदार कोयते घासल्याचा आवाज सुरू होतो, आणि मग एका सकाळी बघावं तर गावात म्हातारीकोतारी, कुत्री आणि कुलपं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी गेली तर एक कोयता धरतात, एकटं माणूस गेलं तर अर्धा. त्या साली बिभीषणाची बायको रेश्मा अर्धा कोयता म्हणून गेली. आपल्या आईबरोबर, भावाच्या टोळीत, कोपरगावकडं. आणि बिभीषण, दारात ट्रक असूनही, घरी राहिला.

त्याला कारण आदल्या सालचं.

आदल्या साली टोळीला घरी आणायला त्याचीच गाडी गेली होती. वाटेत अवकाळी पाऊस लागला म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी गच्च ओढलेली. मागं बायका, लेकरं, बोचकी, शेळ्या. गाडीच्या पोटाखालचा धुराचा पाईप कधी चिरला ते कुणाला कळलं नाही. सगळा धूर फळ्यांच्या फटीतून वर. राहुरीच्या अलीकडे चहाला गाडी थांबली तेव्हा लेकरं ओकत होती आणि रेश्माची आई, बनुबाई, बोचक्यावर मान टाकून पडलेली. दवाखान्यात नेलं, वाचली बिचारी. पण तिथून पुढं ताडपत्रीच्या गाडीत ती बसली नाही.

पाईप चिरला, त्याला कोण काय करणार? लोकांनी तेवढं सोसलं असतं. पण रेश्माचं म्हणणं होतं, की आम्ही केबिन वाजवलं, पितळी घेऊन वाजवलं, आणि तू थांबला नाहीस. बिभीषण म्हणायचा, वाजवलं असतं तर मला ऐकू आलं नसतं का? झोपला असाल समदे. या एकाच गोष्टीवर नवरा-बायको वर्षभर भांडले. रेश्मा मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. टोळीबरोबर निघताना उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "माझी आई ज्या गाडीत बसंल, त्याच गाडीत मी बसन. आन् त्याच गाडीनं घरी येईन."

"मंग माझ्याच गाडीनं येशील," बिभीषण म्हणाला. "धुराचा वासबी येनार न्हाई तुला. पट्टा पडला का मी हजर."

ती गेली. उघड्या ट्रॉलीत आईशेजारी बसून गेली.

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप संपणं, ते होळीच्या सुमारास. तोवर त्याला धुराची सगळी वाट नवी करायची होती. धूर खालून न सोडता केबिनच्या पाठीमागून उभा पाईप नेऊन वर आभाळात सोडायचा, असं त्यानं ठरवलं. नगरच्या भंगारातून चार इंची काळा पाईप आणला. वळण द्यायचं यंत्र घरी कुठलं? त्यानं पाईपाचे तिरपे काप काढले, आपण मुळा कापतो तसे, आणि एकाला एक फिरवून जोडले की पाईप आपोआप वळायचा.

पूजा झाली की मी कुडाच्या पलीकडे जायचे. तो वेल्डिंग मारायचा, मी ओल्या गोणपाटानं पाईप धरायचे आणि डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचे. त्याच्या मशिनीनं आमच्या आळीतले दिवे मंद व्हायचे, पण तक्रार करायला आळीत होतं कोण? एकदा मी त्याला विचारलं, हे टर्बो टर्बो म्हणतोस ते काय असतं रे. त्यानं गोगलगायीसारखा एक बिडाचा गोळा दाखवला. म्हणाला, इंजिनातून जो धूर वाया जातो, तोच आत एक पंखा फिरवतो आणि तो पंखा इंजिनात नवी हवा कोंबतो. म्हणून पुढं धुराला वाट मोकळी पाहिजे. वाट कोंडली तर गाडी घाटात धापा टाकते. मला ते पटलं. श्वास सोडता आला तरच घेता येतो.

कारभारी आबा तेवढे रोज येऊन ओट्यावर बसायचे. गुडघे गेले म्हणून टोळीनं मागं ठेवलेले. उभा पाईप पहिल्यांदा चढवला तेव्हा आबा बराच वेळ बघत राहिले.

"बिभीषणा, गाडीला सोंड लावली का रं? गनपतीत काढतो का काय?"

"आबा, धूर वर जाईल यानं."

"जाईल की. खाली इटा रचल्या म्हंजी भट्टीबी व्हईल."

बिभीषण हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग त्यानं पाईप उतरवला, एक टाका ग्राइंडरनं तोडला, पुन्हा चढवला. असं किती वेळा केलं त्याला गणती नाही. जागेवर बसल्यावर मग सबंध वेल्ड मारला, टर्बोच्या तोंडाशी नवं पॅकिंग घातलं, आणि लेकरांचा हात लागून भाजू नये म्हणून उभ्या पाईपाला न जळणारी जाडी दोरी गुंडाळून बाहेरून जाळी ठोकली. पाईपाचं वरचं तोंड मात्र मागं वळवलं. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. सगळेच तसं करतात.

आता गाडी बघायची तर मागं कुणीतरी बसायला हवं. नुसती रिकामी गाडी घाट चढून आली तर त्याचा काय उपयोग? त्यानं आबांना विचारलं. आबा म्हणाले, "दुधानं तोंड पोळलं का मानूस ताकबी फुकून पितं. मला अजून नातवाचं लगीन बघायचंय."

तो माझ्याकडे वळला नाही. मीच म्हणाले, उन्हं चढायच्या आत, उद्या सकाळी मी बसते.

"काकी, सकाळी तुझं मौन आसतंय. धूर आला तर वरडनार कशी?"

"थाळी घेते," मी म्हणाले. "वाजवीन."

सकाळी मागं चढले. ताडपत्री त्यानं तशीच ओढली, त्या दिवशी होती तशी. मागची बाजू नुसती वरून बांधून खाली मोकळी सोडलेली. मी केबिनकडे तोंड करून पोत्यावर बसले, पोथी मांडीवर, थाळी आणि उलथणं हाताशी. गावाबाहेर पडेस्तोवर धुळीचा वास तेवढा आला. फळ्यांच्या फटी स्वच्छ. मनात म्हटलं, देवा, जमलं पोराला.

घाट लागला, गाडी जोरात ओढायला लागली, आणि थोड्याच वेळात माझे डोळे चुरचुरायला लागले. धूर खालून नव्हता. समोरूनही नव्हता. पाठीमागून येत होता. मी थाळी वाजवली. केबिनच्या पत्र्यावर थाळी धरून उलथण्यानं वाजवली. गाडी चालतच राहिली. मी आणखी जोरात वाजवली. कपाळ जड झालं, तोंडाला पाणी सुटलं. शेवटी सरकत सरकत मागं गेले, ताडपत्री बाजूला सारली आणि फळीवर हनुवटी टेकवून तोंड बाहेर काढलं. मोकळी हवा घेताना मला बनुबाई आठवली. तिला इतकं सरकायला जागा नव्हती. मध्ये बोचकी होती, लेकरं होती.

घाट चढून गेल्यावर वळणावर त्यानं आपणहून गाडी उभी केली. हसत मागं आला. ताडपत्री उचलली आणि तसाच थांबला. माझ्या डोक्यावरच्या पदराची मागची बाजू काळी झाली होती. पुढून मी जशीच्या तशी.

"काकी, आगं वाजवलं का न्हाईस?"

मी थाळी उचलून त्याच्यापुढं धरली. तिला पोचे पडले होते. उलथण्याचा दांडा वाकला होता.

त्यानं थाळी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. केबिनकडे बघितलं. मग रस्त्याच्या कडेला दगडावर जाऊन बसला. खाली सगळं आमचं रान दिसत होतं, कुसळं वाळून पांढरं पडलेलं, माणूस नाही काणूस नाही. वारा तेवढा होता.

"तिनंबी आसंच वाजवलं आसंल," तो म्हणाला.

मला बोलता येत नव्हतं.

"मी गानी लावली नव्हती, काकी. शपत. काच वर हुती आन् इंजान वरडत हुतं. मला खरंच ऐकू आलं न्हाई." मग थाळीच्या पोच्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "पन तिनं वाजवलं हुतं. मी वरीसभर तिला खोटं पाडलं."

घरी आल्यावर दोन दिवस त्यानं पाईपाला हात लावला नाही. चूल पेटवली नाही, मी नेऊन दिलं ते खाल्लं. तिसऱ्या दिवशी ग्राइंडरचा आवाज आला. बघते तर तो पाईपापाशी नव्हताच. केबिनची पाठ कापत होता. सीटच्या मागं, डोक्याच्या उंचीला, सुपाएवढा झरोका पाडला आणि त्याला जाळी बसवली. त्यानंतर धुराकडे वळला. चालत्या गाडीच्या मागं हवा आत ओढली जाते, आणि मागं वळवलेल्या तोंडातून धूर ताडपत्रीवरून घरंगळत नेमका तिथंच जातो, हे त्याला माझ्या पदरावरून कळलं होतं. त्यानं ते तोंड कापून टाकलं, पाईप ताडपत्रीच्या कमानीहून हातभर वर नेला आणि उजवीकडे, रस्त्याच्या मधल्या बाजूला वळवला. पावसासाठी वर झाकण केलं, धुराच्या जोरानं आपोआप उघडणारं.

मी पुन्हा बसले. पुन्हा तोच घाट, तीच ताडपत्री. वर गेल्यावर त्यानं माझा पदर मागून उचलून उन्हात धरला, कापड घेणारी बाई धरते तसा. काही नव्हतं. मी थाळी हलकेच एकदा वाजवली होती. तेवढ्यावर त्यानं गाडी थांबवली होती.

त्या संध्याकाळी त्यानं रेश्माला फोन लावला. मी निवडत बसले होते, उठून जाणार होते, त्यानं हातानं बस म्हणून खुणावलं. पाईपाबद्दल तो काहीच बोलला नाही.

"रेश्मा, तू वाजवलं हुतंस," एवढंच म्हणाला.

पलीकडून उसाच्या फडावरची माणसं बोलत असल्याचा, कुणाचं तरी लेकरू रडत असल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आईला इचारते." आणि फोन ठेवला. तो फोनकडे बघत राहिला. पुन्हा वाजेल असं त्याला वाटत असावं. वाजला नाही.

"बनुबाई बसनार न्हाई, काकी," तो म्हणाला. "मी कितीबी सांगितलं, शपथा घेतल्या, तरी ती कशाला ऐकंल? माझंच ऐकून बसली हुती मागच्या टायमाला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू येशील का? केबिनमधी न्हाई. मागं. इथनं कोपरगावपत्तर मागं बसून. तू त्यांच्याम्होरं मागनं उतरलीस, तर मला काई बोलावंच लागनार न्हाई."

मी हो म्हणाले. म्हणून गेले आणि मग सांजदिवा आठवला. माझं माणूस गेल्यापासून मारुतीचा सांजदिवा मी चुकू दिला नव्हता. त्यासाठी लेकीच्या बाळंतपणाला गेले नाही, डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं. कोपरगावला जाऊन माणसं भरून त्याच दिवशी दिवेलागणीला परत येणं काही खरं नव्हतं. पण शब्द गेला होता.

पट्टा पडल्याचा निरोप रेश्माच्या भावाचा आला. टोळीच्या मुकादमानं आपली दुसरी एक गाडी बोलावून ठेवली आहे, पण तू यायचं तर ये, असं म्हणाला. रेश्माचं नाव त्यात नव्हतं. बिभीषणानं विचारलंही नाही.

दुपारी मी तेलाची बाटली आणि वाती घेऊन कारभारी आबांकडे गेले. सगळं सांगितलं. आबांनी बाटली उजेडात धरून बघितली.

"वहिनी, मारुतीची तुमच्यासंग वळख. माझं तोंड बघून त्यानं शेपटी आपटली म्हंजी?"

"नाही आपटणार."

"आन् रस्त्यात तुमीच धुरानं गेलात, तर ह्ये तेल म्हैनाभर मलाच घालावं लागंल. गुडघं बघा माझं." बोलता बोलता त्यांनी वाती मोजूनमापून टोपीच्या घडीत ठेवल्या. मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, "कवा लावायचा? दिस बुडायच्या आधी का बुडाल्यावर?"

"बुडताना," मी म्हणाले.

सकाळी मी आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं, आणि भाकरीचं फडकं घेऊन बाहेर आले. बिभीषणानं गाडी धुतली होती. मागं पाचट अंथरून त्यावर गोधड्या घातल्या होत्या, त्यात रेश्माच्या हातची एक. कडेला पाण्याचा जार बांधला होता. केबिनचं दार त्यानं माझ्यासाठी उघडलं.

"नगर वलांडूस्तवर तरी हितं बस, काकी. पाठ धरंल तुझी. राहुरीच्या पुढं जा मागं. तिकडं कुनाला कळतंय?"

मी नको म्हणून मान हलवली. फळीवर पाय ठेवला, त्यानं कोपराला धरून वर चढवलं. आत पाचटाचा गोडसर वास होता. झरोक्याच्या जाळीतून त्याची मान आणि एक कान दिसत होता. इंजिन सुरू झालं. वर कुठंतरी झाकण टण्णकन उघडलं, आणि आमच्या रिकाम्या आळीतून गाडी हळूहळू निघाली.

पुढं ऊन होतं, धूळ होती, सगळा दिवस होता. बनुबाई माझ्याकडे बघून काय म्हणेल, ते मला ठाऊक नव्हतं. मी गोधडीवर मांडी घातली, आणि मागची ताडपत्री हात लांबवून आतून खाली सोडली.