चौसष्ट दिवसांचे सेकंद

नेरडीगोंड्याच्या हमरस्त्यालगत एका खाजगी कंपनीचं केंद्र आहे. आसपासच्या मोबाइल टॉवरांची खबर तिथल्या सर्व्हरवर जमा होते आणि तो सर्व्हर प्रगती सांभाळते. तिनं एक प्रोग्राम लिहिला होता. तो कर्नेलला, म्हणजे मशीनच्या गाभ्याला, विचारायचा: किती सेकंद सलग चालू आहेस, मेमरी किती उरली? गाभा मुकाट आकडे द्यायचा. माणसांसारखे आढेवेढे नाहीत.

तिचे बाबा, नागनाथ गुरुजी, मुधोळला वारले त्याला चौसष्ट दिवस झाले होते. प्रगती रडली नव्हती. बायकांनी गळ्यात पडून पाहिलं, जयवंताबाई आत्यानं हलवून पाहिलं. आत काही हललं नाही. चौथ्या दिवशी ती कामावर हजर. लोक काय, बोलतातच.

दसऱ्याला ती धम्मचक्र दिनासाठी विहारात गेली. केंद्रावर शिपाई चंपतराव एकटे होते. कंत्राटी नोकरी, आणि घरात कमावणारे तेवढेच. त्यांनी सर्व्हर पुसला, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं आणि चक्क बटण दाबून बंद केला. दोन तासांनी पुन्हा चालू केला.

दुसऱ्या दिवशी प्रगतीनं आकडा वाचला. मशीन चालू होऊन एकच दिवस झाला होता.

"काका, बंद काऊन केली?"

"पूजेच्या दिवशी औजार चालवत नाई ना आपल्यात. आमी नांगरबी जुंपत नाई. म्हनलं, तिलेबी जरा इसावा."

संध्याकाळी कंपनी आकडा मागवणार होती. मशीन कुणी हातानं बंद केलं असं दिसलं, की तो माणूस दुसऱ्या दिवसापासून घरी. हे कळल्यावर चंपतराव भिंतीला टेकले.

"माय, तुह्या हातात काई असंल तं बग."

हातात होतं. सलग चालण्याचा तो आकडा वाचता येई तसा प्रोग्राममधून लिहिताही येई. दुरुस्तीनंतर सुधारता यावा म्हणून कंपनीनंच ती सोय ठेवली होती. खोटं लिहावं का, असं तिनं स्वतःला विचारलं. चांगलं वाटेना, वाईटही वाटेना. समोरचा माणूस घाबरलाय, एवढं दिसत होतं.

पण मशीन पूर्वी सुरू झाल्याची वेळ कंपनीकडे नोंदलेली होती; आकडा तिच्याशी मिनिटाला मिनिट जुळायला हवा. केंद्रावरची ती नोंद महिन्याच्या सफाईत पुसली गेली होती. तिच्यापाशी ती वेळ आता एकाच ठिकाणी होती. तिनं मोबाइल काढला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा कॉलची यादी मागे मागे सरकवली.

'बाबा. मिस्ड कॉल. ११:१२.'

तिनं हिशेब केला, पंचावन्न लाखांवरचा आकडा लिहिला, पुन्हा वाचून पाहिला. गाभ्यानं तो निमूट स्वीकारला होता.

"झालं का?" चंपतरावांनी विचारलं.

"झालं. तुमची नोकरी राह्यली." ती स्क्रीनकडेच बघत होती. "काका, मांगच्या खेपी ही मशीन चालू होऊन राह्यली व्हती. तवाच बाबाचा फोन आला. मी मनात म्हनलं, मंग करतो. मी घेतला नाई. दुपारी ते गेले."

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. चंपतराव खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"काय सांगाचं व्हतं त्याइले?"

"माईत नाई," प्रगती म्हणाली. मग तिचे ओठ थरथरायला लागले. "माईत नाई, काका."