पाणदडीचं उत्तर

एखादा प्राणी जिवंत आहे की संपला, हे ठरवायचा मला पगार मिळतो. संकटात सापडलेल्या पशुपक्ष्यांची सरकारची एक यादी असते आणि दर पाच वर्षांनी त्या यादीतल्या प्रत्येकाची फेरतपासणी होते. सावरला असेल तर नाव काढायचं, संपला असेल तरी काढायचं, अजून धडपडत असेल तर ठेवायचं. लोकांना वाटतं, असं काम करणारी बाई फार हळवी असेल. मी नाही. हळवी माझी थोरली बहीण आहे, आणि तिच्या हळवेपणाने माझं डोकं उठलं आहे.

पाणदडीची फाइल साहेबांनी माझ्या टेबलावर आदळली, तेव्हा मी स्वच्छ सांगितलं, "साहेब, ही मला देऊ नका. यात माझी सख्खी बहीण आहे."

"म्हणून तर देतोय," साहेब म्हणाले. "तुम्हा दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य अख्ख्या खात्याला ठाऊक आहे. तुमच्यावर पक्षपाताचा आरोप कोण करणार?"

मग खुर्ची ओढून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पाणदडी राहते त्या दलदलीवर एका मालवाहतूक कंपनीला ट्रकांचा तळ करायचा होता. पक्ष्याचं नाव यादीत आहे तोवर तिथे मातीची पाटीसुद्धा टाकता येत नव्हती. "पक्षी आपणहून गेला असेल तर सुंठीवाचून खोकला गेला," साहेब म्हणाले आणि एवढे खूश दिसले की ती फाइल त्यांच्याच डोक्यात घालावीशी वाटली. पण मी गप्प बसले, कारण माझंही मत तेच होतं. पाणदडी संपली होती. गेल्या फेरतपासणीनंतर कुणीही तिला ऐकलेलं नव्हतं.

ऐकलेलं म्हणते, कारण हा पक्षी दिसत नाही. लव्हाळ्यात दडी मारून बसतो, म्हणून तर त्याचं नाव तसं पडलं. त्याचा आवाज गंजलेला नळ सोडल्यासारखा, आधी टकटक आणि मग घरघर. मोजणीची रीत एकच: काठावर बसून त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायचा, यंत्र बंद करायचं आणि वाट पाहायची. हद्दीत दुसरा आला असं वाटून पक्षी चिडतो आणि उत्तर देतो. उत्तर आलं तर आहे.

आणि तो रेकॉर्ड केलेला आवाज जगात एकच आहे. तो आमच्या बाबांनी टिपला होता. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. सुट्टीच्या दिवशी भाड्याची होडी घेऊन दलदलीत जायचे आणि सोबत ताईला न्यायचे, काठीला बांधलेला माइक धरायला. मला कधीच नेलं नाही. मी लहानपणी फार किंचाळायचे, बाबा मला टिटवी म्हणायचे. "टिटवे, तू घरी बस, तुझ्या आवाजाने दलदल रिकामी होईल," म्हणायचे आणि हसायचे. त्या दोघांची होडी वळणाआड जाईपर्यंत मी काठावर पाय आपटत उभी असायचे. अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या रेकॉर्डिंगमध्ये पक्षी तीनदा ओरडतो आणि लगेच बाबा खोकतात. बिचाऱ्यांनी पक्षी गप्प होईपर्यंत खोकला दाबून धरला होता. पुढे बाबा गेले, मी खात्यात लागले, आणि खात्याने मोजणीसाठी तो आवाज मागितला. कॅसेट ताईकडे होती. तिने नक्कल करू दिली. आमच्या ध्वनितंत्रज्ञाने नक्कल साफ केली आणि खोकला कापला. कापायलाच हवा होता. माणसाचा आवाज आला की पक्षी मिटून बसतात. पण ताईने साफ केलेली नक्कल ऐकली आणि फोनवर एकच वाक्य बोलली, "तू बाबांना पुसलंस."

मूळ कॅसेट तिच्या कपाटात, त्यातले बाबा शाबूत, आणि पुसलं म्हणे मी! मीही मग जे तोंडाला येईल ते बोलले. होडीचंही बोलले. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मी तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. माझ्या सहीचं पाकीट ती फोडत नाही, तसंच परत पाठवते.

तरी फेरतपासणीची जाहीर सूचना निघाली तशी दलदल वाचवणाऱ्या तिच्या मंडळींची हरकत आलीच. खाली ताईची सही. पक्षी नक्की आहे, खात्याला कान नाहीत, वगैरे वगैरे. कान नाहीत हे मला उद्देशून होतं. मी दात-ओठ खात ती हरकत फाइलीला लावली आणि मोजणीची तारीख ठरवली. पाणदडी ओरडते ती वर्षातले थोडेच दिवस, तेही वारा पडलेला असताना पहाटे. नियमाप्रमाणे मी हरकतदारांना तारखेचं पत्र पाठवलं. माझ्या सहीचं पाकीट, ते न फोडता परत आलं. मी म्हटलं, बरं झालं, ब्याद टळली.

त्या पहाटे दलदलीवर धुकं होतं. पश्चिमेच्या बांधावर मी यंत्र मांडलं, कर्णा लव्हाळ्याकडे वळवला आणि आवाज लावला. टकटक, घरघर, तीन वेळा. बंद केलं. बसले.

मला काही अपेक्षा नव्हती. साहेबांना काय लिहायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवत होते. आणि समोरच्या लव्हाळ्यातून उत्तर आलं.

टकटक, घरघर. तीन वेळा.

मला काय झालं ते सांगते, लपवण्यात अर्थ नाही. मला रडू फुटलं. मीच महिनोन् महिने संपली, संपली म्हणत फिरत होते आणि आता मला यंत्राचा खटका सापडेना. ओरडावंसं वाटत होतं. मी रुमाल तोंडात कोंबला आणि हूं की चूं केलं नाही. बाबा असते तर त्या दिवशी त्यांनी मला होडीत घेतलं असतं.

उत्तर अगदी आमच्या रेकॉर्डिंगसारखं, तितक्याच अंतराने आलं होतं. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. एका उत्तरावर नोंद होत नाही, खात्री करावी लागते, म्हणून मी पुन्हा आवाज लावला. पुन्हा उत्तर आलं, आधीपेक्षा मोठं, तीन वेळा. आणि तिसऱ्या ओरडीनंतर लव्हाळ्यात बाबा खोकले.

दोन ढासा, आणि मध्ये घशात अडकलेली ती बारीक शीळ.

माझ्या नकलेत खोकला नाही, त्यामुळे बाबा गेल्यापासून तो मी ऐकलाच नव्हता. एक क्षणभर मी, सरकारी पगार खाणारी बाई, वळणाआडून होडी येईल म्हणून धुक्यात बघत राहिले. मग सगळं लक्षात आलं. पलीकडे ताई बसली होती, बाबांची कॅसेट घेऊन. माझा आवाज तिला पक्षी वाटला होता आणि तिचा मला. एरवी तिसऱ्या ओरडीला ती खटका दाबत असणार. या वेळी आनंदाच्या भरात दाबायची विसरली.

मी बांधावरून चालत पलीकडे गेले. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली ताई मला बघून चक्क धावत आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा समोरासमोर, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा फुललेला.

"ऐकलंस ना? तूही ऐकलंस ना? दोनदा बोलली! आता लिही म्हणावं तुझ्या साहेबाला!"

"ताई, ते माझं यंत्र होतं."

"काहीतरीच. तू कुठे होतीस?"

"पश्चिमेच्या बांधावर. दोनदा आवाज लावला. दोनदा तू उत्तर दिलंस."

"खोटं बोलतेस. तुला ती मेलेलीच हवी आहे."

"ताई, तुझ्या बाजूने बाबा खोकले."

तिने हातातल्या टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. कॅसेट अजून फिरत होती, नुसती खरखर येत होती. तिने खटका दाबला आणि तिथेच ओल्या बांधावर बसली. आयुष्यभर तिचा पाणउतारा व्हावा म्हणून मी टपून बसले होते, तो झाला, आणि मला त्याचं काडीचं सुख झालं नाही.

"आज येणार हे कळवायचं नाही?" ती म्हणाली.

"कळवलं होतं. पाकीट फोडायचं असतं."

"मीही फोन लावला होता तुला. लागतच नाही."

मग तिने मागेपुढे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हे फक्त तुला माहीत आणि मला माहीत. उत्तर आलं असं लिहून टाक."

"नाही."

"अगं, ट्रक उभे राहतील इथे!"

"माहीत आहे."

"मग? बाबांना पुसलंस, आता पक्ष्यालाही पूस, म्हणजे झालं! तुला आम्ही होडीत नेलं नाही ना, त्याचा सूड घे सगळ्या दलदलीवर!"

"तोंड सांभाळ," मी ओरडले, आणि लव्हाळ्यातून चार बगळे उडाले. "मी खोटं लिहिलं आणि उद्या उघडकीला आलं, तर त्या कंपनीला आयतं कोलीत मिळेल. तुझ्या एका हरकतीवर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. दोघींचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. आता ऐक. एका वेळी एकाच हद्दीत दोन यंत्रं वाजली तर ती मोजणी रद्द होते. पक्षी आहे असंही लिहिता येत नाही आणि संपला असंही नाही. पुढच्या हंगामात ती पुन्हा करावी लागते. तोवर नाव यादीत राहतं."

ताईने डोळे पुसले. "म्हणजे एक वर्ष."

"एक वर्ष. पण तुला लिहून द्यावं लागेल. तू ऐकलंस तो पक्षी नव्हता, असं."

"म्हणजे मी मूर्ख आहे असं लिहून देऊ?"

"दोघी मूर्ख आहोत असं. वर माझी सही, खाली तुझी."

"तुझी वर का? थोरली मी आहे."

"बरं, तुझी वर."

"तू उपकार करते आहेस असं समजू नकोस."

"करतच नाहीये. नियम आहे."

माझ्या पाठीवर कागद ठेवून तिने सही केली. पेन एवढं दाबलं की अक्षर न् अक्षर मला सदऱ्यातून कळलं. पुढच्या हंगामात यंत्र एकच राहील आणि आपण दोघी एका काठावर बसू, हेही त्यात लिहिलं होतं. ते वाचून तिने नाक मुरडलं, पण खोडलं नाही.

ती टेपरेकॉर्डर पिशवीत घालायला लागली तेव्हा माझ्या तोंडून गेलंच. "ताई, शेवटचं एकदा लाव ना."

"काय?"

"खोकला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, लावते. तिचा अंगठा खटक्यावर गेलासुद्धा. मग तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा मिटला.

"अर्ज कर," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून चालू लागली.

ऑफिसात साहेबांनी अहवाल वाचला आणि त्यांचा पारा चढला. "दोन बहिणी एकमेकींशी धड बोलत नाहीत म्हणून सरकारचा अख्खा हंगाम वाया? मी वर काय सांगू?"

"तेच सांगा," मी म्हटलं. "तसंच लिहिलंय."

"तुमची बदली करतो."

"करा. पण मोजणी रद्दच आहे. नियम तुम्हीच काढलाय, खाली सही तुमची आहे."

त्यांनी मला दाराबाहेर काढलं. पाणदडीचं नाव यादीत राहिलं, निदान पुढच्या हंगामापर्यंत. कंपनीचा माणूस जिन्यात भेटला, त्याने मला मान लववली नाही. मीही त्याला वाट दिली नाही.

घरी येऊन मी खरोखरच अर्ज लिहिला. रीतसर. मूळ ध्वनिफितीच्या शेवटच्या भागाची नक्कल मिळावी ही विनंती. माझ्या सहीचं पाकीट ती फोडत नाही, म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं नाही. तिथे लिहिलं, टिटवी.

पाकीट परत आलेलं नाही. उत्तरही आलेलं नाही. पण एका हंगामात उत्तर आलं नाही म्हणून आमच्याकडे कुणाचं नाव यादीतून काढत नाहीत.