नालीवरचं चाक

गाडी डावीकडे ओढते, याला मधुसूदनरावांच्या मते एकच कारण होतं, आणि ते कारण त्या वेळी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतं.

"तुझा हात डावीकडे झुकतो," ते दारातून म्हणाले. "स्टिअरिंग आहे ते, लाटणं नाही."

सुचित्राने पोळी उलटली. पोळी गोल होती. ज्या हाताला गोल जमतं त्याला सरळ कसं जमत नाही, हे तिला विचारता आलं असतं, पण उत्तर ऐकत बसावं लागलं असतं.

मधुसूदनराव कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना शाल-नारळ दिलं आणि टेबल ठेवून घेतलं. तेव्हापासून ते शेरे मारायला जागा शोधत होते. घरची जुनी पांढरी गाडी बिचारी तोंड उघडत नसे, म्हणून ती सापडली. लोहाऱ्याच्या रस्त्यावर गुलाम नबीचं गॅरेज होतं. तिथे जाऊन ते गाडीला काय झालंय हे सांगत नसत, काय करायचं हे सांगत. "अलाइनमेंट मारा." गुलाम नबी मारून द्यायचा. साहेबांशी वाद घातला की साहेब चहा न घेता उठायचे, आणि मग कॉलनीतली गाडी त्याच्याकडे फिरकायची नाही. तीनदा अलाइनमेंट झाली. तिन्ही वेळा गाडी थोडे दिवस शहाण्यासारखी चालली आणि पुन्हा डावीकडे निघाली.

मधुसूदनरावांनी मग निकाल दिला. गाडी चांगली आहे, पण बाईच्या हाताने बिघडली. ती विकायची. जुन्या गाड्या घेणारा देवीलाल रविवारी येऊन घेऊन जाणार.

सुचित्रा पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली ती काही हौसेने नव्हे. दिग्रसला तिची मोठी बहीण भैरवी गुडघ्याचं ऑपरेशन करून पडली होती. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती, आणि व्यायाम करून घेणारी बाई इथे यवतमाळात होती. 'मी येते गाडी घेऊन,' असं सुचित्राने सांगितलं होतं. भैरवीने पिशवी भरून ठेवली होती. रोज फोनवर ती पिशवीबद्दल बोलायची, गुडघ्याबद्दल नाही.

शुक्रवारी सकाळी सुचित्रा ओट्याशी उभी होती. खिडकीबाहेर मधुसूदनरावांनी गाडी काढली. टक, धप.

तिचा हात थांबला.

गल्लीतून एकदा पाण्याचा टँकर जाताना गाडीचा आरसा मोडून गेला होता. तेव्हापासून मधुसूदनराव डावी चाकं नालीच्या उंच काठावर चढवून गाडी लावायचे. रोज संध्याकाळी चढवायची, रोज सकाळी उतरवायची. गल्लीत इतकी काळजी घेणारा दुसरा माणूस नाही, हे ते स्वतःच सांगत. उतरतानाचा आवाज सुचित्राला पाठ होता: धप. हा 'टक' नंतर कधीतरी आला होता, आणि घरातल्या इतर आवाजांसारखा तोही तिने आजवर कानाआड केला होता.

गाडी खाली उतरवून ते पायीच दुधाला गेले होते; परत आले तेव्हा ती पदर खोचून डाव्या पुढच्या चाकाशी बसली होती. टायर आतल्या बाजूने टक्कल पडल्यासारखा गुळगुळीत झाला होता. बाहेरची नक्षी जशीच्या तशी. मधुसूदनराव बाहेरूनच बघायचे.

"काय करून राह्यली तू?"

"अहो, आत बसा. ब्रेक दाबून धरा."

"काहून?"

"बसा तर."

तिने जॅक लावून चाक उचललं. दुपारच्या रिकाम्या वेळात मोबाइलवर एका हिंदी बोलणाऱ्या मिस्त्रीचं बघून बघून तिला एवढं आलं होतं. चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं, गप्प. वरून आणि खालून धरून हलवलं: टक. ब्रेक दाबलेला असतानाही टक. म्हणजे बेअरिंग नाही. चाकाला खालून धरून ठेवणारा सांधा, बॉल जॉइंट, तो सैल झाला होता.

"दाबलाय का नीट?"

"मी कचेरीची जीप चालवलेली आहे," आतून उत्तर आलं.

"ती ड्रायव्हर चालवायचा. तुम्ही मागे बसायचे."

ब्रेक मात्र इमानाने दाबलेला होता.

गुलाम नबीकडे गाडी या वेळी सुचित्राने नेली, अगदी सावकाश. मधुसूदनराव शेजारी बसले होते. रोगाचं नाव न घेता ती एवढंच म्हणाली, "नालीवरून उतरताना टक वाजते. तुम्हीच पाहा."

गुलाम नबीने पाहिलं. खाली वाकल्या वाकल्याच तो हसला.

"भाभी, रोज नालीवर चढवत असान तर वाजनच ना. लोखंड हाय ते, बकरी नोहे."

"मंग तीनदा अलाइनमेंट कायले केली?" मधुसूदनराव म्हणाले.

"साहेब, तुमीच सांगतलं. तुमी सांगा, आन मी ऐकू नये?" तो हात पुसत उठला. "मले बी दिसत व्हतं जरासं. पर साहेबाले कोन बोलन. हे निघून आलं असतं ना, चाक आडवं झालं असतं रस्त्यात."

आपल्याला दिसत होतं हे तो असं सांगत होता जसं काही त्यात त्याचा मोठेपणा होता. सुचित्राने दोघांकडे पाहिलं. एकाला सगळं कळत होतं म्हणून त्याने बघितलं नाही, दुसऱ्याने बघितलं आणि तोंड मिटून पाना चालवला. एकाच्या ऐटीत आणि दुसऱ्याच्या अदबीत तिचं आणि तिच्या बहिणीचं चाक आडवं पडायचं बाकी होतं.

"आता नवीन टाका," ती म्हणाली, "आणि मग अलाइनमेंट. या वेळी मी सांगून राह्यली."

रविवारी देवीलाल आला तेव्हा गाडी दारात नव्हती. दाराबाहेरच्या ओट्यावर मधुसूदनराव पेपर घेऊन बसले होते.

"गाडी कुठं हाय साहेब?"

"दिग्रसला गेली."

"कोनासंग?"

मधुसूदनरावांनी पेपराचं पान उलटलं. "सरळ चालते आता," ते म्हणाले.

संध्याकाळी गाडी गल्लीत वळली. मागच्या सीटवर भैरवी पाय लांब करून बसली होती, मांडीवर पिशवी. वाटेत एकदाही सुचित्राला स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरावं लागलं नव्हतं, आणि तिचे दंड रिकामे रिकामे वाटत होते.

मधुसूदनराव नालीपाशी उभे होते. हात वर करून ते नेहमीसारखे खुणावत होते, ये, ये, आणखी डावीकडे, चढव. सवय होती. दुसरं काही नव्हतं.

सुचित्राने गाडी सपाट रस्त्यावर, नालीपासून चांगली हातभर दूर थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"काय म्हणतात भाऊजी?" मागून भैरवीने विचारलं.

"चढव म्हणतात."

"मग?"

"राहू दे त्यांना उभं थोडा वेळ," सुचित्रा म्हणाली. "दिवसभर बसून होते."

मग तीच उतरली, आणि त्यांच्या वर राहिलेल्या हातात भैरवीची पिशवी अडकवली.