पायाला मुंग्या

शर्मिला आणि शिरीष यांची सोळा वर्षांची चारुता नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्येच वाढली. पावसात ती सायकल घेऊन शाळेला निघाली की शर्मिला दारातून ओरडायची, "कान झाक! ओल्या केसांनी बसू नकोस!" चारुता मागे न बघता हात हलवायची.

हिवाळा सरता सरता ती एकदा म्हणाली, "आई, माय फीट फील वीअर्ड. मुंग्या येतात."

"जाड मोजे घाल म्हटलं तर ऐकतेस कुठे?" शर्मिलानं लोकरीचे मोजे काढून दिले. चारुतानं ते निमूटपणे घातले.

पुढच्याच आठवड्यात ती शाळेच्या जिन्यावरून पडली आणि तिला उठताच येईना.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सरळ विचारलं, "लाफिंग गॅस घेतेस?"

चारुता खाली बघत राहिली. "फुग्यातून. पार्टीत सगळेच घेतात. सिगरेट थोडीच आहे ती!"

केकवरचं क्रीम ज्यानं फुगवतात, त्यानं माणसाला काय होणार, असं तिला वाटायचं. डॉक्टरबाईंनी समजावलं की हा गॅस शरीरातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व निकामी करतो. घरातलं जेवण शाकाहारी, त्यामुळे चारुताचं ते आधीच कमी होतं. आता पाठीच्या कण्यातल्या नसांना इजा झाली होती.

"इंजेक्शनं देऊ. बरंचसं भरून येईल. सगळं येईलच, असं नाही सांगता येत."

घरी आल्यावर शिरीष लेकीशी बोलेनासा झाला. तिच्या खोलीच्या दारापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. शर्मिलाला मात्र राहवेना.

"एवढी हुशार मुलगी तू! जराही भीती नाही वाटली?"

"तुम्ही सगळ्यालाच घाबरता, आई." चारुता एरवी इंग्रजीत उत्तर द्यायची, आज शब्द शोधत मराठीत बोलत होती. "थंडीला, ओल्या केसांना, फ्रिजमधल्या पाण्याला. मला कधीच काही झालं नाही. मग खरंच कशाला घाबरायचं, ते मला कसं कळणार?"



उन्हाळ्यापर्यंत चारुता काठी घेऊन चालू लागली. तोल मात्र सावरेना. सायकल विकून टाकू, असं तिनंच सांगितलं.

फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला व्यायाम शर्मिला रोज सकाळी करून घ्यायची. चारुता डोळे मिटायची आणि शर्मिला तिच्या पायाचं एकेक बोट धरून विचारायची, "हे कोणतं?"

"अंगठा."

शर्मिलाच्या चिमटीत करंगळी होती.

"बरोबर," ती म्हणाली आणि पुढचं बोट धरलं.